वाटाण्याची पहिली एकवीस अक्षरं

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, कपात चहा अजून अर्धा असताना, वाटाण्याच्या बीतल्या एका प्रथिनाने गुणगुणायला सुरुवात केली आणि मोठीने कानांवरचे हेडफोन काढून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. दार उघडं होतं, नेहमीसारखं, खाली जुन्या सूचीपत्राचा जाड ठोकळा सरकवून अडकवलेलं. पलीकडे बोळ, बोळात दिव्यांखाली ठेवलेले रोपांचे ट्रे, आणि कोणीतरी नीट न बंद केलेला नळ. सगळं जिथल्या तिथे. तरी आपण चौदा वर्षांच्या आहोत, आपल्यापुढे भूमितीचं पुस्तक आहे, असं क्षणभर अगदी खरंखरं वाटलं. मग तिने चहा संपवला, कारण चहा टाकून देणं तिला जमत नसे, आणि हेडफोन पुन्हा चढवून तोच तुकडा पहिल्यापासून लावला. सात सूर. दोन पायऱ्या वर, मग एकाच सुरावर तीनदा टेकायचं, एक पाऊल खाली, आणि शेवटचा वर जाऊन तिथेच लटकलेला. चाळीस वर्षांत तिने ते कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकणार तरी कोणाच्या? ज्या एका माणसाला ते येत होतं ते जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत. घरी, म्हणजे आता फक्त आईच्या तोंडी, ती मोठीच होती. दोन बहिणी, मोठी आणि धाकटी. धाकटी दहाव्या वर्षी गेली आणि मोठी मोठीच राहिली. एकटीच उरलेल्या मुलीला मोठी म्हणण्यात काय अर्थ आहे, पण हे आईला सांगणार कोण. आणि हे वाटाणा ऐकवायचं खूळ तिचं नव्हे, साहेबांचं. संस्थेत वर्षातून एकदा लोकांना आत सोडत. लोक येत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ‘हो का’ म्हणत, बाथरूम कुठे आहे ते विचारत आणि जात. यंदा काहीतरी वेगळं हवं, साहेब म्हणाले. प्रथिन म्हणजे शेवटी माळच, मणी वीस जातींचे, प्रत्येक जातीला आपण एकेक अक्षर देतोच, मग एकेक सूर द्यायला काय हरकत? सगळे हसले, आणि हसून झाल्यावर, कोणालाच नको असलेली कामं जशी घरंगळत येतात तसं ते काम मोठीच्या टेबलावर आलं. तिने सांगून पाहिलं की गाण्याशी आपला संबंध नाही. ते खरंही होतं. तिच्या खोलीत रेडिओ चालत नसे, शीळ घालत येणारा माणूस तिच्या दाराशी आला की आपोआप गप्प होई. पण साहेब म्हणाले, गाणं येणारं नकोच आहे, या वीस जणांचे स्वभाव ठाऊक असलेलं माणूस हवं. तिथे मात्र तिला बोलायला जागा राहिली नाही. तीस वर्षं शेजार केलेला. कोण पाणी दिसलं की धावतो, कोण पाण्याला भिऊन आतल्या कोपऱ्यात दडतो, कोण आडदांड आहे आणि वाट अडवतो, सगळं तिला तोंडपाठ. चौकटीच्या कागदावर एका बैठकीत तिने तक्ता केला. पाण्यात रमणारे खालच्या पट्टीत, पाण्याला भिणारे वर, आणि सगळ्यांत जास्त वेळा येतो त्याला गळ्याला सहज लागेल असा सूर. गळ्याला सहज काय लागतं हे आपल्याला कसं कळलं, असा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही.

धाकटीची छाती जन्मापासून अधू. आतल्या खोलीत लोखंडी पलंग, पलंगावर तीन उशा, उशांना टेकून ती. वडील आधीच गेलेले, आई टेलिफोनच्या ऑफिसात, दुपारी शाळेतून आलं की बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसायचं आणि आतल्याकडे कान ठेवायचा हे मोठीचं काम. मधलं दार उघडं ठेवायचं, असा आईचा कडक नियम. आणि मग ते सात सूर. सबंध दुपार तेच ते, तेच ते, शेवटी वर लटकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मधूनच पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने दोनदा टकटक. मोठीचं डोकं उठायचं. त्या दिवशी तर दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता आणि एक प्रमेय काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. तिला जसं आठवत होतं त्यात पुढचं असं होतं की ती उठली, मधल्या दाराशी गेली आणि दार लावून घेतलं. पितळेची मूठ हाताला गार लागली होती. तो गारवा तिच्या उजव्या तळव्यात अजून होता, हवा तेव्हा काढून पाहता येईल इतका. दार लावल्यावर शांत झालं. टकटकसुद्धा आली नाही. प्रमेय डोक्यात शिरलं. संध्याकाळी आई आली आणि आत गेली, आणि मग घर माणसांनी भरलं. पेपर बुडाला. आईने तिला एका शब्दाने काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दार बंद सापडलं का, हे आई कधी बोलली नाही आणि आपण लावलं होतं, हे मोठीने कधी सांगितलं नाही. दोघी चाळीस वर्षं एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्यासारख्या, आणि हे एवढं मधे ठेवून राहिल्या. लग्न, माणसं, बदलीच्या संधी, सगळं आलं आणि गेलं. घरातल्या प्रत्येक दाराखाली एकेक पाचर होती. प्रयोगशाळेतल्या थंड खोलीचं दार आपोआप मिटायचं, म्हणून तिथलं काही आणायचं असलं की ती दुसऱ्या कोणाला पाठवायची, आणि मॅडमना थंडी सोसत नाही असं सगळे समजून होते.

बुधवारी तिने कामाच्या नावाखाली बाकीच्यांना बोलतं केलं. गहू, सोयाबीन, पालक, सूर्यफूल. तोच तक्ता, तेच सूर. गहू एकाच जागी फिरत राहिला, पालकाने उगाच उड्या मारल्या, सूर्यफूल तर निव्वळ गोंधळ. ते सात सूर कुठेच नव्हते. ते फक्त वाटाण्यात होते आणि तेही अगदी सुरुवातीला, पंधराव्या अक्षरापासून एकविसाव्यापर्यंत. बाविसाव्या अक्षराला एक खालचा, जड, भरलेला सूर लागत होता. तो ऐकला की तिला कसंसंच होई. धाकटीच्या गुणगुणण्यात तो कधीच आला नव्हता, आणि तरी तो तिथे असायला हवा होता हे ऐकताक्षणी पटत होतं. ती शहाणीसुरती बाई. बीमध्ये माणूस शिरत नाही, बीमध्ये पुढच्या रोपासाठी बांधून ठेवलेली शिदोरी असते, हे तिने शेकडो मुलांना शिकवलेलं. बुधवारी संध्याकाळी ती आईला औषध देताना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आई त्र्याऐंशी वर्षांची. कानातलं यंत्र डबीत ठेवायची आणि आजकाल सगळे पुटपुटतात अशी तक्रार करायची. उद्या आई राहिली नाही तर हे विचारायला कोणीच राहणार नाही, असं मोठीच्या मनात आलं आणि ती घाबरली. आईला कळलं होतं का, एवढंच तिला हवं होतं. कळूनही आपल्याला जेवू घातलं, की न कळल्यामुळे.

गुरुवारी संगणकवालीने चूक काढली. संगणकवाली म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरगी, केस कापलेले, बोलणं तुरुतुरु, मोठीला न भिणारी संस्थेतली एकटीच. ती सगळे तुकडे एकामागोमाग लावून बघत होती आणि वाटाण्याला येऊन थांबली. “मॅडम, याचं डोकं तसंच राहिलंय.” डोकं हा त्यांचा आपसातला शब्द. पेशीत असं प्रथिन बनतं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला वीसेक अक्षरांचा एक तुकडा असतो. माल कोणत्या दारातून आत न्यायचा एवढं सांगणं हे त्याचं काम. दारातून आत शिरलं की तो तुकडा कापला जातो आणि मोडीत निघतो. तयार प्रथिनात, आपण शेंग सोलून हातात घेतो त्या दाण्यात, तो नसतोच. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचं ते हेच, आधी तांबड्या पेन्सिलने रेघ मार आणि डोकं उडव, मग बाकीचं बघ. तीस वर्षं ती रेघ मोठीने मारली होती. गव्हाला मारली, सोयाबीनला मारली. वाटाण्याला मारली नाही. संगणकवाली हसत म्हणाली की हे तर मॅडम तुम्हीच मला शिकवलंत, आणि दोन मिनिटांत बाविसाव्या अक्षरापासून सुरू होणारी दुसरी फाइल करून तिने टेबलावरच्या संगणकात ठेवून दिली. मोठीने विचारलं, पहिली नीट ऐकलीस का, सुरुवातीला काही ओळखीचं वाटलं का. पोरीने खांदे उडवले. “तक्ता तुमचा, मॅडम. गाणंही तुमचंच की. दुसऱ्या कोणी केला असता तर वाटाणा दुसरं काही बोलला असता.” असं म्हणून ती तारांची भेंडोळी उचलून निघून गेली, आणि मोठी त्या वाक्यापाशी बसून राहिली.

शुक्रवार सगळा असाच गेला. पडद्यावर दोन फाइली शेजारी शेजारी, एक डोक्यासकट, एक डोकं उडवलेली. चुकीची लावली तर विज्ञान खोटं होतं, लोकांना वाटाण्यात नसलेलं काहीतरी वाटाणा म्हणून ऐकवल्यासारखं होतं, आणि तिने आयुष्यात असलं काही केलं नव्हतं. बरोबर लावली तर धाकटीला पुन्हा दाराआड ठेवायचं. असं ती स्वतःशी चक्क बोलली, ओठ हलवून, आणि मग आपण काय बोललो हे ऐकून उठली आणि ट्रेमधल्या रोपांना पाणी घालून आली. वाटाण्याचे वेल दिव्याकडे तोंड करून उभे होते. एकाने शेजारच्या लेबलाच्या काडीला तणावा गुंडाळला होता, लहान मूल बोट धरतं तसा. तिने तो सोडवला नाही. परत येऊन साहेबांना सांगितलं की उद्या आईला आणते आहे, लोक यायच्या आधी तिला निवांत ऐकवीन, गर्दीत तिला काही समजत नाही. साहेब म्हणाले, जरूर आणा, आईंना पहिला मान. खोटं तर काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी नऊ वाजता गाडी करून तिने आईला आणलं. बोळ चालून येताना आई तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा, मी थकले नाही, बघते आहे, असं म्हणाली. खोलीत दोन स्पीकर लावलेले, खुर्च्या मांडलेल्या, समोर रोपांचा एक ट्रे. मोठीने तिला पुढच्या लोखंडी हातांच्या खुर्चीवर बसवलं, डबीतून यंत्र काढून कानात घातलं, आणि काही न सांगता डोक्यासकटची फाइल लावली. चौदा अक्षरं गेली. मग ते आले, दोन वर, तीन एकावर, एक खाली, एक वर. मग तो जड सूर, आणि पुढचा वाटाणा सुरू झाला. मोठीने तो तिथेच बंद केला. आई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिने मान हलवली नाही, पण तिचा चेहरा आत कुठेतरी गेला. “पुन्हा लाव,” ती म्हणाली. मोठीने पुन्हा लावलं.

“हे तुझं,” आई म्हणाली.

मोठीने सांगितलं की हो, सूर कोणाला कोणता द्यायचा ते आपणच ठरवलं, पण क्रम वाटाण्याचाच आहे.

“ते नव्हे गं. हे तुझं गाणं. भूमिती करताना म्हणायचीस ते.”

“माझं नाही, आई. धाकटीचं.”

आई वळली आणि तिच्याकडे बघत राहिली. “तिला कुठला एवढा दम? पाणी दे म्हणायला दोनदा थांबायची पोर.”

टेलिफोनच्या ऑफिसात आईने तीस वर्षं आवाज ओळखले होते. हॅलो म्हणताच पलीकडे कोण आहे, खोटं बोलतंय की रडून आलंय, हे ती सांगायची. ती आता सावकाश, चुका न करता बोलत होती. मोठी वाचायला बसली की गुणगुणायची, तिचं तिला कळायचं नाही. धाकटीला ते लागायचं. मोठी बाहेर आहे, एवढं कळायचं तिला त्यातून. म्हणून तर तिनेच हट्ट करून मधलं दार उघडं ठेवायला लावलेलं. मोठी थांबली की ती दांडीवर टकटक करायची, म्हण म्हणून. मोठी ऐकत होती आणि तिचा गळा, तिचा स्वतःचा गळा, चाळीस वर्षं कुलूप घातलेला, आतल्या आत हलत होता, दोन वर, तीन एकावर. तिने हात गळ्यावर ठेवला. मग मोठ्या कष्टाने विचारलं, त्या दिवशी दार बंद होतं ना.

“उघडं होतं.” आईला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. “नंतर लावलंस तू. माणसं यायला लागली तेव्हा मीच म्हटलं, दार लावून घे.” मग ती रोपांकडे बघत बोलली. “मी आले तेव्हा तू म्हणतच होतीस. मी तशीच आत गेले. हात लावला तर गार. बाहेर येऊन तुझ्या मागे उभी राहिले. तुला सांगायचं म्हणजे तुला थांबवायचं. म्हटलं, हे एवढं संपू दे. पण ते संपायचंच नाही तुझं. तू पुन्हा सुरू केलंस. तीनदा केलंस. मग शेवटी तू वर गेलीस तिथे मी खांद्यावर हात ठेवला, आणि तू ते तसंच अर्धं सोडलंस.”

 ज्यासाठी मोठीने आईला इथवर आणलं होतं ते मिळालं होतं. दार उघडं होतं. तिने मोकळं व्हायला हवं होतं, आणि एक क्षण ती झालीही, छातीवरचं काहीतरी खरोखर उतरलं आणि तिने लांब श्वास घेतला. त्या श्वासातच ती दुपार पुन्हा आली, आता नीट, दारासकट. प्रमेय वाचायला ती मधे मधे थांबत होती. थांबली की टकटक यायची. मग एकदा ती थांबली आणि टकटक आली नाही. तिने मान वर केली होती. बरं झालं, झोपली एकदाची, असं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून, कोणी न सांगता, स्वतःच्या आनंदाने तिने ते सात सूर पुन्हा सुरू केले होते. तिने आईला विचारलं, किती वेळ मी तशी म्हणत होते. आई म्हणाली, ते मला कसं माहीत असणार बाई, मी सहाला आले. मग तिने हात पुढे करून मोठीचं मनगट धरलं, घट्ट, आणि साहेबांचा आवाज बोळात येईपर्यंत सोडलं नाही.

साडेदहाला लोक आले. चाळीसेक माणसं, पोरंबाळं, एक आजोबा वही घेऊन आलेले. संगणकवालीने जवळ येऊन हळूच विचारलं, मॅडम, कोणती लावायची? मोठी म्हणाली, डोकं उडवलेली, आणि पोरगी मान हलवून मागे गेली. साहेबांचं भाषण झालं. बोळात एवढा गलका होता की पुढच्या रांगेलाही ऐकू येईना, आणि दार कोणी लावेना, कारण मॅडमचं दार लावायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक. मोठीने उठून दाराखालचं सूचीपत्र काढलं. मूठ साधी, प्लॅस्टिकची होती. तिने दार लावलं, परत येऊन संगणकाशी बसली, आणि बोट बटणावर ठेवून, ओठ न उघडता, घशातल्या घशात ते सात सूर म्हटले. दोन वर, तीन एकावर, एक खाली, एक वर. आईचा हात खांद्यावर आला होता त्या जागी ती थांबली आणि तिने बटण दाबलं. बाविसावं अक्षर लागलं. लोकांना वाटलं वाटाण्याची ही सुरुवात. तिचं जे राहिलं होतं ते तिथे येऊन टेकलं आणि वाटाणा आपल्या वाटेने पुढे गेला.

दीड मिनिटात संपलं. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या, वहीवाल्या आजोबांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. खुर्च्या सरकू लागल्या. पुढच्या रांगेत आई डोळे मिटून बसली होती, यंत्र मांडीवरच्या डबीत. तिने खुर्चीच्या लोखंडी हातावर बोटाने दोनदा टकटक केलं. मोठीने ते सात सूर पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.